गैरहजर पैलवान

सामना संपला की निकाल लागला, अशी आपली साधी समजूत असते. पंचाने हात वर केला, फलकावर आकडे चढले, हरलेला मान खाली घालून गेला, जिंकलेल्याला लोकांनी खांद्यावर घेतले, विषय मिटला. पण अलीकडे खेळाचा आणखी एक निकाल लागू लागला आहे. तो मैदानावर लागत नाही, पडद्यावर लागतो. सामन्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीसुद्धा लागतो. आणि त्यातला पंच कोण, याची चौकशी करण्याची गरज प्रेक्षकाला बहुधा वाटत नाही. दूरचित्रवाणीवरील क्रीडा-माहितीपट हे या नव्या न्यायासनाचे नाव.

हे माहितीपट कलाकृती म्हणून चांगले की वाईट, हा माझा विषय नाही. तेवढा माझा अधिकारही नाही. माझा विषय आहे आपण, म्हणजे ते पाहणारे चाहते. आमच्या वसतिगृहात एका मोबाइलच्या वीतभर पडद्याभोवती पाच-सहा डोकी जमतात, एखादी मालिका दोन रात्रींत संपते, आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जो तो न्यायाधीश झालेला असतो. अमुक खेळाडू देवमाणूस, तमुक व्यवस्थापक नीच. पुरावा काय, तर "अरे, दाखवलंय की त्यात!" या 'दाखवलंय की' विषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

उदाहरण घेतो ते दूरचे, अमेरिकेतले. ते अतिशय गाजलेले आहे, आणि त्याचे पुढे काय झाले तेही आपल्यासमोर आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत 'ईएसपीएन' या वाहिनीने 'द लास्ट डान्स' हा दहा भागांचा माहितीपट दाखवला. मायकेल जॉर्डन हा बास्केटबॉलपटू आणि त्याचा शिकागो बुल्स हा संघ यांची ही कथा. या संघाने १९९१ ते १९९८ या काळात सहा वेळा अजिंक्यपद मिळवले. १९९७-९८ चा हंगाम हा त्या खेळाडूंचा एकत्र असा शेवटचा हंगाम. त्या वर्षभर कॅमेरे संघाच्या पाठोपाठ फिरत होते, अगदी कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत. माहितीपट खरे तर जूनमध्ये यायचा होता. पण करोनाच्या साथीने जगातली मैदाने ओस पडली होती, माणसे घरात कोंडली होती, म्हणून तो आधीच आणला गेला. पाच रविवार, दर रविवारी दोन भाग. वाहिनीवर त्याला सरासरी ५६ लाखांच्या आसपास प्रेक्षक लाभले. अमेरिकेबाहेर तो नेटफ्लिक्सवरून गेला आणि त्याच वाटेने पुढे आमच्या वसतिगृहातही आला. आमच्या मैदानावरच्या बास्केटबॉलच्या कड्याला जाळी नाही, ती कधी होती हेही कुणाला आठवत नाही. पण जॉर्डनचे नाव न ऐकलेला मुलगा आता सापडणार नाही.

मालिका देखणी आहे, यात शंका नाही. ज्यांचा जन्मच २००० नंतरचा, त्यांना तो खेळ, ती उडी, ती जिद्द पाहायला मिळाली हे उपकारच म्हणायचे. पण पडद्यामागची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १९९७-९८ साली घेतलेले ते चित्रीकरण जवळजवळ दोन दशके तसेच पडून होते, कारण जॉर्डनच्या संमतीवाचून ते वापरता येत नव्हते. ती संमती त्याने २०१६ साली दिली. निर्मितीतल्या भागीदारांत त्याची स्वतःची 'जंप २३' ही कंपनी होती. केन बर्न्स या अमेरिकेतल्या नामवंत माहितीपटकाराने त्याच वेळी जाहीरपणे सांगितले की, ज्याच्यावर चित्र काढायचे त्याचीच कंपनी निर्मितीत असेल तर तसल्या कामाला आपण कधीही तयार होणार नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर वाद्याने आपल्याच ओसरीवर कचेरी भरवावी, साक्षीदारांना बोलावणे धाडावे आणि निकालपत्राचा कागदही आपणच पुरवावा, असा हा प्रकार. मालिकेत एक दृश्य वारंवार येते. इतरांचे बोलणे जॉर्डनच्या हातात एका छोट्या पडद्यावर दिले जाते. तो पाहतो, हसतो आणि उत्तर देतो. शेवटचा शब्द त्याचा.

आता चाहत्यांकडे वळू. माझ्या पाहण्यात त्यांचे तीन वर्ग आले.

पहिला वर्ग भक्तांचा. 'सर्वश्रेष्ठ कोण, जॉर्डन की लेब्रॉन जेम्स' या वादात त्यांना ही मालिका म्हणजे अखेरचे प्रमाणपत्र वाटली. जॉर्डन सोबत्यांना टोचून बोलत असे, सरावात एका सहकाऱ्याला त्याने ठोसाही मारला, हे त्यातच दाखवले आहे. पण भक्ताला तेही गुणच दिसतात. "जिंकायचं तर असंच वागावं लागतं," असे म्हणून आमच्या मजल्यावरचा एक मित्र चार दिवस सगळ्यांवर खेकसत होता. त्याने अद्याप काही जिंकलेले नाही.

दुसरा वर्ग फिर्याद्यांचा. जॉर्डनच्या शेजारी खेळलेला स्कॉटी पिपेन हा त्या संघाचा दुसरा खांब. १९९१ साली त्याने दीर्घ मुदतीचा करार केला आणि पुढे तो जगातल्या उत्तम खेळाडूंत गणला जाऊ लागला तरी मोबदला जुनाच राहिला. १९९४ च्या एका महत्त्वाच्या सामन्यात १.८ सेकंद उरले असताना शेवटचा फेक आपल्याला दिला नाही म्हणून तो मैदानात उतरलाच नाही. हे सारे मालिकेत आले, आणि ज्या तऱ्हेने आले त्याने पिपेन दुखावला. २०२१ साली त्याने 'अनगार्डेड' या आत्मकथनात आपला राग मांडला. होरेस ग्रँट या दुसऱ्या जुन्या सोबत्यानेही मालिकेच्या खरेपणावर कडक टीका केली. त्याबरोबर काल टाळ्या पिटणाऱ्यांतले कितीतरी जण उलटले. आता जॉर्डन खोटा, पिपेन खरा! पाहा, वरवर हे दोन वर्ग एकमेकांचे वैरी. पण दोघांची रीत एकच. जो शेवटी बोलला तो खरा.

तिसरा वर्ग अगदी लहान. तो साक्षीदारांचा. ज्यांनी ते सामने तेव्हा पाहिले होते, ज्यांना त्या दिवशीचा खेळ आठवतो, आणि जे हळूच म्हणतात की, 'असेही झाले होते, पण तेवढेच झाले नव्हते.' यांचा आवाज बारीक असतो. गर्दीत तो ऐकू येत नाही.

या तिसऱ्या वर्गाचा आवाज बुडाला म्हणजे काय होते, हे जेरी क्राउस या माणसाच्या बाबतीत दिसले. क्राउस हे १९८५ ते २००३ या काळात बुल्सचे व्यवस्थापक होते. खेळाडू निवडणे, घेणे, सोडणे हे त्यांचे काम. जॉर्डन त्यांच्या आधीपासून संघात होता. पण पिपेन आणि ग्रँट यांना १९८७ साली आणले ते त्यांनी, फिल जॅक्सन यांना १९८९ साली मुख्य प्रशिक्षक केले ते त्यांनी, डेनिस रॉडमनला १९९५ साली घेतले तेही त्यांनीच. मालिकेत मात्र ते दिसतात ते ठेंगणे, स्थूल, खेळाडूंच्या थट्टेचा विषय झालेले आणि जिंकता संघ मोडायला निघालेले गृहस्थ म्हणून. त्यांच्या हातून चुका झाल्याच नाहीत असे मी म्हणत नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वीच 'जॅक्सन यांचे हे शेवटचे वर्ष' असे त्यांनी जाहीर करून टाकले होते. जिंकणाऱ्या संघाला असे सांगणे कोणत्या शहाणपणात बसते? अजिंक्यपदे खेळाडू आणि प्रशिक्षक जिंकत नाहीत, संस्था जिंकतात, असे त्यांचे एक वाक्य वर्तमानपत्रांत छापून आले आणि ते त्यांना जन्मभर चिकटले. 'खेळाडू आणि प्रशिक्षक एकटे जिंकत नाहीत' असे आपण म्हणालो होतो, तो 'एकटे' शब्द गळाला, हे ते सांगत राहिले. मराठीच्या तासाला आम्ही शिकतो की, एका शब्दाने वाक्याचा अर्थ फिरतो. इथे एका शब्दाने माणसाचे चरित्र फिरले.

क्राउस २०१७ च्या मार्चमध्ये वारले. मालिकेसाठी शंभराहून अधिक माणसांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्यांत ते असणे शक्यच नव्हते. जुन्या चित्रफितीत तेवढे ते दिसतात.

आणि मग १२ जानेवारी २०२४ ची रात्र आली. बुल्स संघाने आपल्या जुन्या मानकऱ्यांचा सत्कार शिकागोत, आपल्याच मैदानावर, भर सामन्याच्या मध्यंतरात ठेवला होता. क्राउस यांचे नाव पुकारले गेले आणि घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यांच्या वतीने सत्कार घ्यायला त्यांची पत्नी आलेली होती. ती वृद्ध बाई तिथेच रडू लागली. तिला सावरायला त्या संघातला एक जुना खेळाडू पुढे झाला. स्टीव्ह कर हा त्या संघातला आणखी एक जुना खेळाडू त्या रात्री प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक म्हणून हजर होता. त्याने आपली व्यथा बोलून दाखवली. हे खरे की, क्राउस यांची हुर्यो त्यांच्या हयातीतही उडवली गेली होती. तेव्हा सारे पाप मालिकेच्या माथी मारता येणार नाही. पण त्या हुर्योलाही पंचवीस वर्षे लोटली होती. राग विझायला एवढी वर्षे पुरत नाहीत का? पुरतात. मात्र विझत आलेल्या राखेवर दहा भागांची फुंकर पडलेली होती, आणि ज्यांनी तो संघ कधी खेळताना पाहिला नाही अशा पोरांच्या हाती तो राग आयता आला होता.

दिवाळीच्या सुट्टीत या मालिकेचे दोन भाग मी आमच्या अण्णांना दाखवले. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. तरुणपणी जत्रांच्या फडांत कुस्त्या करत; अजून त्यांचे कान पैलवानासारखे मुडपलेले आहेत. इंग्रजी त्यांना कळत नाही, म्हणून कोण काय म्हणतो ते मी सांगत होतो. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ह्यो ठेंगू बाबा सारखा दिसतोय. पर त्यो सोता काय बोलंना?"

मी म्हणालो, "ते वारले अण्णा, हे करायच्या आधीच."

"मग त्येच्या वतीनं कोन बोललं?"

मी गप्प बसलेला पाहून तेच पुढे म्हणाले, "म्हंजी जोडच लागली न्हाई की! दुसरा गडी फडात न्हाई, आन तरी चीतपट झाली म्हनत्यात."

मला या वाक्याने विचारात टाकले. आमच्याकडे संध्याकाळी पारावर कुस्त्यांच्या गोष्टी निघतात. तीस-तीस वर्षांपूर्वीच्या जोडी पुन्हा लढवल्या जातात. सांगणारा मीठमसाला लावतोच. आपला पैलवान हातभर उंच होतो, समोरचा डोंगराएवढा होतो. पण त्या पारावर हरलेल्या पैलवानाचा पुतण्या किंवा मेहुणा बसलेला असतो. सांगणारा फार वाहवला की तो म्हणतो, "थांबा तात्या, पाठ टेकली नव्हती. अंधार पडला म्हणून पंचांनी बरोबरीत सोडवली." मग दुसरे कुणी आठवण देते, वाद होतो, आणि तात्यांना दोन पावले मागे यावे लागते. ती गोष्ट कुणाच्या एकट्याच्या मालकीची राहत नाही. यात कुणी फार थोर नीती पाळतो असे नाही. उद्या एसटीच्या थांब्यावर त्याच माणसाला तोंड दाखवायचे असते एवढेच. पण तेवढ्याने गोष्ट फार वाकडी जात नाही.

पडद्यावरच्या गोष्टीला हा पुतण्या नसतो. सांगणारा एका खंडात, ऐकणारा दुसऱ्या खंडात, आणि ज्याच्याविषयी सांगायचे तो जगातच नाही. म्हणून पुतण्याचे काम आता चाहत्याने केले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

यावर आमच्या वर्गातले काही जण म्हणतात, "करमणुकीला एवढे कशाला ताणायचे? जॉर्डनची गोष्ट जॉर्डनच्या बाजूनेच असणार." हे त्यांनी मालिका पाहताना लक्षात ठेवले असते तर मला हा लेख लिहावा लागला नसता. नाटकातल्या खलनायकाला आपण शिव्या घालतो तेव्हा तो नट घरी जाऊन सुखाने जेवतो. माहितीपटातल्या खलनायकाला बायको असते, ती सत्काराला येते. फरक आहे तो हा.

दुसऱ्या टोकाला जाऊन 'माहितीपट सगळे लबाड' असेही मी म्हणणार नाही. २०१० सालचा 'फायर इन बॅबिलॉन' हा ब्रिटिश माहितीपट पाहावा. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या वेस्ट इंडीजच्या संघाची ती हकीकत आहे. या खेळाडूंना आधी 'हसतखेळत हरणारे' म्हणून कौतुकाने हिणवले गेले, आणि ते वेगवान गोलंदाजीच्या बळावर जिंकू लागले तेव्हा रानटी ठरवले गेले. व्हिव्ह रिचर्ड्स, मायकेल होल्डिंग यांनी त्यात आपली बाजू आपल्या तोंडाने सांगितली. तोही एका बाजूचाच माहितीपट आहे. पण दुसरी बाजू वर्षानुवर्षे छापून येत होती; राहून गेली होती ती ही. ज्याचे ऐकले गेले नाही त्याला बोलते करणे आणि ज्याचे जग ऐकतेच आहे त्याच्या हाती पुन्हा कर्णा देणे, या दोन गोष्टींची किंमत एक कशी धरावी?

परक्यांची उदाहरणे देणे सोपे असते. आपल्या माणसाची वेळ आली की तत्त्वाची कसोटी लागते. म्हणून एक घरचे उदाहरण. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. विराट कोहली मायदेशी परतला आणि संघ अजिंक्य रहाणेच्या हाती आला. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्द इथे जन्मलेल्या या अबोल माणसाने मेलबर्नला ११२ धावा केल्या, सामना जिंकला, सिडनीचा वाचवला. आणि १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरली नव्हती तिथे, ३२८ धावांचे लक्ष्य गाठून भारताने मालिका खिशात घातली. २०२२ च्या जूनमध्ये या दौऱ्यावर 'बंदों में था दम' ही माहितीपट-मालिका आली. त्याच्या चारच महिने आधी रहाणेला कसोटी संघातून वगळले होते, आणि मैदानावरचे निर्णय आपले होते पण श्रेय दुसऱ्यानेच घेतले, असे त्याने एका मुलाखतीत नाव न घेता म्हटले होते.

झाले! ही मालिका पाहणाऱ्या माझ्या मित्रांना ती म्हणजे रहाणेवरच्या अन्यायाचे निकालपत्र वाटते. मलाही रहाणे आवडतो. आमच्या बाजूच्या खेड्यांतून एवढ्या उंचीवर पोचणारे किती? तरीही प्रश्न विचारायला हवा. मेलबर्नचे शतक दाखवणारी मालिका त्यानंतरच्या वर्षाची धावसंख्या दाखवू शकते का? २०२१ साली कसोटीत त्याची सरासरी २१ च्या आसपास होती. त्याला वगळणे योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल, जरूर घालावा. पण तो वाद ऑस्ट्रेलियातल्या विजयाच्या चित्रफितीने मिटत नाही. त्या चित्रफितीत जे नाही, त्यावर तो अवलंबून आहे. आपला नायक असला म्हणजे चौकटीबाहेरचे न पाहण्याची मुभा मिळते, असे थोडेच आहे?

मग चाहत्याने करावे तरी काय? पाहणे सोडावे असे मी मुळीच म्हणत नाही. पाहताना तीन गोष्टी मनाशी धराव्यात. पहिली, हे दाखवण्याचा खर्च आणि परवानगी कुणाची? दुसरी, ज्याच्याविषयी बोलले जात आहे तो इथे बोलायला आहे का, आणि नसेल तर का नाही? तिसरी, त्या दिवसाचे दुसरे काही कागद, धावफलक, वृत्तान्त मिळतात का? पूर्वी यासाठी ग्रंथालयातल्या जुन्या फायली चाळाव्या लागत. आता ज्या मोबाइलवर मालिका पाहतो त्याच मोबाइलवर दहा मिनिटांत पाहता येते. पण ती दहा मिनिटे आपण देत नाही, आणि दहा तास मात्र देतो.

हे प्रश्न कलाशाखेच्या विद्यार्थ्याला परके असू नयेत. इतिहासाच्या तासाला आम्हांला बखर आणि अस्सल कागद यांतला भेद शिकवतात. बखर टाकाऊ नसते. ती कुणी, कुणासाठी, केव्हा लिहिली हे विचारून वाचायची असते. परीक्षेत या प्रश्नाचे उत्तर आम्ही पानभर लिहितो आणि संध्याकाळी मोबाइलवर तीच बखर समोर आली की वेदवाक्य मानतो. मग शिकलो ते कशासाठी? माझ्या घरातला महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. घरच्यांनी मला इथे पाठवले ते कुणी सांगेल त्यावर मान डोलवायला नव्हे. ती मान गावात फुकट डोलावता आली असती.

शेवटी एक सूचना करतो. आमच्या क्रीडाविभागाच्या फलकावर जिंकलेल्या वर्षांची नावे आहेत. जी वर्षे हुकली त्यांची नावे नाहीत, हरलेल्या अंतिम सामन्यांचे खेळाडू नाहीत, मैदान आखणारे शिपाईमामा नाहीत. या महाविद्यालयात खेळून गेलेली माणसे आज आसपासच्याच तालुक्यांत शेती करतात, दुकान चालवतात, एसटीत आहेत, शाळांत शिकवतात. त्यांच्याकडे जाऊन त्यांचे सामने त्यांच्या तोंडून ऐकावेत आणि टिपून ठेवावेत. अट एकच: ज्या सामन्याविषयी ऐकायचे, त्यातल्या समोरच्या संघाचाही एक तरी माणूस गाठायचा. दोघांचे जुळणार नाही, हे उघड आहे. जुळले नाही तर दोन्ही तसेच शेजारी शेजारी छापावे. पुढच्या वार्षिकांकात त्यासाठी आठ पाने मिळावीत, अशी संपादक मंडळाला विनंती आहे.

परीक्षा संपून जूनमध्ये महाविद्यालय उघडले की सुरुवात करता येईल. कबड्डीपासून आरंभ करावा असे वाटते, कारण त्यातले जुने गडी जवळपासच राहतात. ज्यांना या कामात यायचे असेल त्यांनी दुपारी तीननंतर वाचनकक्षात मला भेटावे. वही मी घेऊन ठेवली आहे. आवाज टिपायला बऱ्यापैकी मोबाइल मात्र कुणीतरी आणावा. माझ्याच्याने ते काम नीट होत नाही.